ब्रेक जड लागतो, तो पायाचा दोष नाही

एरवी या कार्यक्रमात मी गटाची वही, अंतर्गत कर्ज, बँकेचे हप्ते यांवर बोलते. आज गाडीच्या ब्रेकवर बोलणार आहे. हसू नका. मी बी. ए. झाले ती मराठी विषय घेऊन. गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते कशाच्या टेकूवर उभं राहतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण गेल्या हंगामात आमच्या गटावर जी वेळ आली, तिच्यामुळे मला हे शिकावं लागलं. आणि शिकल्यावर वाटलं, हे तर आधी दहा मिनिटांत कुणीही सांगू शकलं असतं.

आता आपल्यापैकी कितीतरी गटांच्या दारात गाडी उभी आहे. कुणी २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजनेतून घेतली, कुणी बँकेच्या कर्जातून, तर कुणी आमच्यासारखी दोन हात फिरलेली जुनी गाडी गटाच्या पैशातून. आमची आठ माणसं बसणारी, पेट्रोलवर चालणारी व्हॅन आहे. आमचं गाव पाचगणीच्या अंगाला, डोंगरावर. थंडीत स्ट्रॉबेरी, बाकी वर्षभर जॅम आणि सरबतं, हा आमचा माल. तो खाली वाईला न्यायचा म्हणजे मधे पसरणीचा घाट आला. गाडी चालवते आमच्या गटातली एक जण. तिला सगळ्या जणी वहिनीच म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

दिवाळीनंतर वहिनी म्हणायला लागली, "ब्रेक जड लागतोय गं. आधी असा नव्हता." घरी सांगितलं तर उत्तर मिळालं, "तुझ्या पायात जोर नाही." गॅरेजला नेली. तिथल्या भावांनी बाजारातून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मला तर काही जड लागत नाही, ताई. बाईमाणसाला तसं वाटतं." तरी आलीच आहे गाडी म्हणून ब्रेकचे शू आणि ऑइल बदलून दिलं, ३,४०० रुपये घेतले. ब्रेक जडच राहिला. गटाच्या बैठकीत वहिनीने पुन्हा विषय काढला, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मी वहीत लिहिलं, "ब्रेक नवीन बसवले आहेत, चालकाला सवय होईल." अक्षर माझंच आहे. अजून ती वही उघडली की ती ओळ मला दिसते.

जानेवारीत एक दिवस चाळीस खोकी माल आणि मागे दोघी बायका घेऊन वहिनी घाट उतरत होती. वळण घेतलं तर समोर रस्ताभर शेरडांचा कळप. तिने ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय देऊन जवळजवळ उभी राहिली ती पेडलवर, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे गाडी कठड्यापाशी थांबली. मधे हातभर अंतर होतं. शेरडं वाचली, माणसं वाचली, खालच्या खोक्यांतल्या स्ट्रॉबेरीचा मात्र तिथेच जॅम झाला.

वाईला एक वयस्क मिस्त्री आहेत. गाडी हळूहळू त्यांच्याकडे नेली. त्यांनी चाकांना हातही लावला नाही. एकच प्रश्न विचारला, "पेडल दाबून धरून गाडी सुरू केली, तर पेडल थोडं खाली जातं का?" आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. रोज गाडी चालते, पण हे कधी पाहिलंच नव्हतं.

तर मैत्रिणींनो, आधी हे समजून घेऊ की आपल्या पायाला मदत कोण करतं.

एक-दीड टनाची गाडी नुसत्या पायाच्या जोरावर झटकन थांबत नाही. बॉनेट उघडलं की चालकाच्या बाजूला, मागच्या पत्र्याला टेकून, जेवणाच्या ताटाएवढा एक काळा गोल डबा दिसतो. काही गाड्यांत तो आणखी आत, सहज न दिसणाऱ्या जागी असतो. हा ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबराचा एक पडदा असतो आणि त्या पडद्याने डब्याचे दोन कप्पे होतात. डब्यापासून एक जाड रबरी पाइप इंजिनकडे गेलेला असतो. आपण ऊस गाळताना रसवंतीवर नळीने रस ओढतो ना, तसं इंजिन त्या पाइपातून डब्यातली हवा ओढून घेतं. दोन्ही कप्प्यांत हवा अगदी कमी उरते. त्यालाच व्हॅक्यूम म्हणतात.

आता पेडल दाबलं की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढच्या कप्प्यात ती नसते. मग बाहेरची हवा त्या पडद्याला पुढे रेटते, आणि हा रेटा आपल्या पायाच्या जोराला जोडला जातो. हवेचा रेटा तो किती, असं वाटेल. तर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. आठ इंची ताटाचं क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. डब्यातली दोनतृतीयांश हवा काढलेली असेल, तर त्या पडद्यावर दोनशे किलोच्या वर रेटा पडू शकतो. पन्नास किलोची चार पोती म्हणा. ही चार पोती आपल्या पायाबरोबर ब्रेक दाबत असतात. बेल्जियमचे अभियंते अल्बर्ट देवांद्र यांनी १९२७ साली ही युक्ती काढली, आणि अजूनही बहुतेक पेट्रोल गाड्यांत तीच आहे.

म्हणजे पाइपला चीर पडली, क्लिप ढिली झाली किंवा पडदा फाटला, तर ती चार पोती निघून जातात आणि उरतो एकटा पाय. वहिनीचा पाय दोन महिने एकटाच गाडी थांबवत होता, आणि आम्ही म्हणत होतो की तिच्या पायात जोर नाही.

मग गॅरेजच्या भावांना जड का लागला नाही? हे मी मिस्त्रींना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, गळती लहान असली की इंजिन हवा ओढतच राहतं आणि डबा हळूहळू पुन्हा रिकामा होतो. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकच्या मधे भरपूर वेळ मिळतो, म्हणून दोष कळत नाही. घाटात मिनिटामिनिटाला ब्रेक लागतो, तिथे डब्याला सावरायला सवड मिळत नाही. चौथ्या-पाचव्या वळणावर पेडल दगड होतं. शिवाय रिकामी गाडी वेगळी आणि चाळीस खोकी भरलेली वेगळी. वहिनी जे सांगत होती ते शब्दन् शब्द खरं होतं. फक्त ते जिथे खरं होतं, तिथे कुणी तिच्या शेजारी बसून बघितलं नव्हतं.

आता परीक्षा. तीन आहेत आणि तिन्हींना हत्यार लागत नाही, पाय आणि चावी पुरे. गाडी सपाट जागी लावा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि चाकांना पुढून-मागून उटी लावा. जागा मोकळी हवी. शेड बंद करून आत इंजिन चालू ठेवू नका, तो धूर जीव घेतो. बॉनेट उघडून बघायचं असेल तर पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. आत पट्टा आणि पंखा फिरत असतो. काही गाड्यांत पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप सुरू होतो.

पहिली परीक्षा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. दर वेळी ते जड होत जाईल, कारण डब्यात उरलेला व्हॅक्यूम आपण संपवतोय. पेडल अगदी घट्ट झालं की नेहमीच्या जोराने दाबून धरा आणि पाय न काढता इंजिन सुरू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली सरकतं. कुणीतरी पलीकडून अलगद ओढल्यासारखं वाटतं. एकदा अनुभवलं की विसरत नाही. सरकलं नाही तर डब्यापर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही, किंवा डबाच बिघडलाय.

दुसरी परीक्षा. इंजिन एक-दोन मिनिटं चालू द्या आणि बंद करा. आता नेहमीच्या जोराने, मधे चार-पाच सेकंद थांबत, पेडल तीन वेळा दाबा. पहिल्यांदा ते खोल जायला हवं, दुसऱ्यांदा जरा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. पहिल्यापासूनच घट्ट आणि तिन्ही वेळा उंची सारखी, म्हणजे इंजिन बंद होताच व्हॅक्यूम उडून गेला, डबा हवाबंद नाही. हीच परीक्षा जरा कडक करायची तर इंजिन बंद करून गाडी दहा मिनिटं तशीच ठेवा, पेडलला हात-पाय लावू नका, आणि मग दाबा. पहिल्या दाबाला तरी मदत मिळालीच पाहिजे.

तिसरी माझ्या मते सगळ्यात चांगली. इंजिन चालू असताना पेडल दाबा, दाबून धरा, आणि पाय तसाच ठेवून इंजिन बंद करा. मनात तीस आकडे मोजा. पेडल आहे तिथेच राहायला हवं. ते पायाला वर ढकलू लागलं तर व्हॅक्यूम गळतोय. आमच्या व्हॅनमध्ये दहा आकडे होईपर्यंत पेडलने वहिनीचा पाय वर आणला. मिस्त्रींनी मलाही बसवलं, मीही मोजलं. माझाही पाय वर आला. तेव्हा मला त्या वहीतल्या ओळीची पहिल्यांदा लाज वाटली.

तिसऱ्या परीक्षेत पेडल उलट हळूहळू खाली बसत गेलं, तर तो दोष बूस्टरचा नाही. तेव्हा ब्रेक ऑइल कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. तसंच पेडल स्पंजासारखं मऊ, फुसकं लागत असेल तर ऑइलच्या नळीत हवा शिरल्याची ती खूण. जड पेडल आणि मऊ पेडल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि मिस्त्रीला सांगताना नुसतं "ब्रेक लागत नाही" म्हटलं की तो वेगळंच काहीतरी खोलून बसतो. आमचे ३,४०० रुपये असेच गेले. "जड आहे", "मऊ आहे", "आधी ठीक, मग जड होतो" असं नेमकं सांगा. पेडल खाली बसत असेल किंवा मऊ असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

गळती आहे हे कळलं. पुढचा प्रश्न, कुठे? इथे कान लागतो. इंजिन चालू ठेवून रेडिओ, पंखा सगळं बंद करा. एकीने पेडल दाबून धरायचं, दुसरीने ऐकायचं. पेडल दाबताना क्षणभर फुस्स होतं, ते ठीक आहे, ती आत शिरणारी हवा. पण पाय स्थिर धरल्यावरही सीऽऽ असा आवाज येत राहिला, तर ती गळती. आवाज चालकाच्या पायाशी, आतून येत असेल तर बहुधा बूस्टरचा पडदा किंवा त्याची आतली झडप. बॉनेटखालून येत असेल तर पाइप. कुकरची रिंग जुनी झाली की कडेने सीऽऽ करत वाफ जाते आणि शिटी होत नाही, तसाच हा आवाज. फरक इतकाच की कुकरमधून वाफ बाहेर पडते, इथे हवा आत ओढली जाते. ज्यांच्याकडे दूध काढायचं मशीन आहे त्यांना हे लगेच कळेल. नळीला भोक पडलं की मशीन सुसू करतं आणि सडाचे कप गळून पडतात. तोही व्हॅक्यूमच.

म्हणूनच एक चूक करू नका. गॅसच्या नळीवर आपण साबणाचा फेस लावून गळती बघतो. इथे फेसाचे फुगे येणार नाहीत, पाणी उलट आत ओढलं जाईल. आणि गळती शोधायला कुणी गरम इंजिनवर पेट्रोल किंवा असलं काही शिंपडायला सांगितलं, तर हात जोडून नको म्हणा.

पाइप तपासायचा तो इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. सगळ्या लांबीवर बोटं फिरवा, जरा वाकवा. रबर कडक होऊन तडकलंय का, तेलाने फुगून लिबलिबीत झालंय का, क्लिप फिरतेय का, हे बोटांना कळतं. दोन्ही टोकं नीट बघा, कारण चीर बहुतेक क्लिपच्या खाली लपलेली असते.

या पाइपात एक छोटी गोष्ट आहे, तिला चेक व्हॉल्व्ह म्हणतात. विहिरीच्या मोटरीला खाली फूट व्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो पण परत खाली येऊ देत नाही. हा तसाच. हवा डब्यातून इंजिनकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही. यामुळेच इंजिन बंद पडलं तरी डब्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता साठा राहतो. फूट व्हॉल्व्ह खराब झाला की दर वेळी मोटरीत पाणी भरत बसावं लागतं, तसं हा खराब झाला की इंजिन बंद होताच साठा संपतो. तपासायचा तर व्हॉल्व्ह काढून, स्वच्छ नळी लावून फुंकायचं. डब्याच्या बाजूने फुंकलं तर हवा पार जायला हवी, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अडायला हवी. थेट तोंड लावू नका, आत पेट्रोलची वाफ असते. काही गाड्यांत व्हॉल्व्ह डब्यावरच बसवलेला असतो, काहींत पाइपाच्या मधेच. त्यावर बहुधा बाण असतो. बाणाचं टोक इंजिनकडे. नवा बसवताना उलटा बसला तर मदत अजिबात मिळणार नाही.

व्हॉल्व्हमुळे आणखी एक गंमत होते. गळती व्हॉल्व्हच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल, तर दुसरी आणि तिसरी परीक्षा गाडी पास होऊ शकते, कारण डब्याचं दार बंद असतं. पण इंजिनला नको तिथून हवा मिळते, म्हणून उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं, मधेच बंद पडतं. म्हणून एकच परीक्षा करून निकाल लावू नये. आमच्या गाडीत व्हॉल्व्ह पाइपाच्या मधे होता आणि चीर व्हॉल्व्ह आणि डबा यांच्या मधे. तिथून हवा डब्यातही शिरत होती आणि इंजिनातही. गाडी उभी केली की इंजिन फडफडतं, हेही वहिनीने डिसेंबरातच सांगितलं होतं. आम्ही त्या दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो.

मिस्त्रींनी आणखी एक केलं. इंजिन चालू असताना डब्याजवळ पाइप पकडीने हलकेच चिमटला. तेव्हा आवाज थांबला असता तर दोष डब्याचा. आमच्याकडे चिमटा चिरेच्या पुढे, इंजिनकडे घेतला तेव्हा आवाज थांबला, डब्याकडे घेतला तेव्हा चालू राहिला. म्हणजे चीर त्या दोहोंच्या मधे. मग हातपंप आणि घड्याळासारखा गेज लावून बघितलं. डब्यातली हवा हाताने ओढायची आणि काटा स्थिर राहतो का बघायचं. काटा राहिला. डबा शाबूत होता. हे महत्त्वाचं, कारण डबा बदलायचा खर्च हजारांत जातो आणि पाइपाचा शेकड्यांत. "बूस्टर गेलाय, बदलावा लागेल" असं कुणी म्हटलं तर आधी पाइप आणि व्हॉल्व्ह तपासलात का, हे जरूर विचारा.

डोंगरावरच्या बायकांसाठी एक जास्तीची गोष्ट. पेट्रोल इंजिन उभं चालू असताना गेजवर साधारण सतरा ते एकवीस इंच दिसावेत असं म्हणतात, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. दर हजार फूट चढलं की साधारण एक इंच कमी होतो. पाचगणी चार हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे चारेक इंच कमीच दिसणार. तो बिघाड नाही, वर हवाच विरळ आहे. पण त्याचा अर्थ असाही आहे की आपल्याकडे बूस्टरला मुळात मदत जरा कमी मिळते. वर गळती झाली तर उरतं काय?

डिझेल गाडीचं थोडं वेगळं. डिझेल इंजिन स्वतः असा व्हॅक्यूम देत नाही, म्हणून त्याला वेगळा छोटा पंप असतो, पुष्कळ पिकअपमध्ये तो अल्टरनेटरलाच जोडलेला. परीक्षा त्याच तीन, पण नापास झाली तर पाइपाबरोबर हा पंपही बघायचा. एस.टी. आणि ट्रकचं तंत्र निराळं, त्यांचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. एस.टी. थांबल्यावर जो मोठा फुस्स आवाज येतो तो त्याचा. ते आपल्या मोजणीत धरू नका. विजेच्या गाड्यांनाही हे जसंच्या तसं लागू नाही.

एक धोक्याची खूण राहिली. ब्रेक ऑइलची पातळी कमी होत जाते, पण चाकापाशी, जमिनीवर कुठेच ओल दिसत नाही, असं झालं तर ऑइल मास्टर सिलिंडरमधून मागे बूस्टरमध्ये उतरत असू शकतं. तिथून इंजिन ते ओढून घेतं आणि पांढरा धूर सोडतं. नुसतं वरून ऑइल घालत राहू नका.

आता जिच्यासाठी मी आज मुद्दाम आले ती गोष्ट. आपल्या भागात घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून चावी बंद करणारे चालक सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्या गटाच्या गाडीवर बदली चालक ठेवताना हे आधी विचारा. इंजिन बंद म्हणजे डब्याला व्हॅक्यूम देणारं कुणी उरलं नाही. दोन-तीन दाबांत साठा संपला की पेडल दगड. वर स्टिअरिंग जड होतं, चावी पूर्ण फिरवली तर ते कुलूपही होऊ शकतं. आणि गिअर काढल्यामुळे इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. धडधाकट बूस्टर असलेली गाडी त्या माणसाने आपल्या हाताने आमच्या व्हॅनसारखी केली. घाट चढायला जो गिअर लागतो, उतरताना साधारण तोच ठेवावा, आणि चावी चालू.

आणि वाटेत पेडल एकाएकी जड झालंच तर? घाबरून पाय काढून पुन्हा पुन्हा मारू नका. तसं मारणं मऊ पेडलला चालतं. जड पेडलला त्याने उरलासुरला साठाही जातो. ब्रेक गेलेला नसतो, फक्त मदत गेलेली असते. दोन्ही पायांनी, कंबर सीटला टेकवून, एकदाच घट्ट दाबून धरा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. वहिनीने नेमकं हेच केलं होतं. कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाली, "शिकवतंय कोण? दुसरं काय सुचणार होतं?"

पाइप, व्हॉल्व्ह आणि दोन क्लिपा मिळून आम्हाला ७२० रुपये लागले. मजुरी मिस्त्रींनी दीडशे घेतली, आणि चहा त्यांनीच पाजला. परत येताना वहिनीने घाटाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेतली, तिन्ही परीक्षा पुन्हा केल्या आणि मगच चढवली.

गाडीच्या वहीत आता पेट्रोल आणि किलोमीटरच्या पुढे आणखी एक रकाना आहे, "पेडल". दर सोमवारी आणि हंगामात रोज सकाळी वहिनी पहिली परीक्षा करून तिथे बरोबरची खूण करते. अर्धं मिनिट लागतं, गाडी सुरू करायची तर असतेच. बाकीच्या दोन परीक्षा महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, सगळ्यांसमोर. गाडी चालवता न येणाऱ्याही आळीपाळीने बसतात आणि तीस आकडे मोजतात. परवा आमच्या सत्तरीच्या आक्कांनी मोजले. म्हणाल्या, "हललं नाही गं बाई."

जुना पाइप आम्ही मिस्त्रींकडून मागून घेतला. गटाच्या खोलीत खिळ्याला टांगलाय, प्रशिक्षणाला जाते तेव्हा पिशवीत घालून नेते. आमच्याकडे आलात तर हातात घेऊन बघा. सरळ धरला तर नवाच वाटतो. क्लिपच्या जागी वाकवला की चीर उघडते, बोटाच्या नखाएवढी.